रविवारचा जांभळा दिवा

आमच्या घरात एक पेटी आली आणि आबांचं डोकं फिरलं, हे मी सरळच सांगते. आबा म्हणजे आमचे मिस्टर, देवचंद. एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि घरातलं दुरुस्त करायचं सगळं दोन महिन्यांत संपवून बसले. पंखा झाला, मिक्सर झाला, शेजारच्या इंदिराबाईंच्या कुकरची शिट्टी झाली. मग जळगावहून लेकीनं ही पेटी पाठवली आणि माणसाला गावाची हवाच दुरुस्त करायला मिळाली.

हवा मोजायची ती पेटी तशी साधी. पांढरी, साबणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, पुढं एक दिवा. हवा चांगली असली की दिवा हिरवा. मग पिवळा, नारिंगी, लाल, आणि हवा अगदीच वाया गेली की जांभळा. आकडे मोबाइलवरही दिसतात, इथं आबांच्या आणि तिकडं संघमित्राच्या. संघमित्रा आमची लेक, जळगावला कॉलेजात भूगोल शिकवते. मला दमा लागल्यापासून तिचा रोज फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "आई, श्वास कसा आहे?" मी कशी आहे हे तिला नंतर आठवतं.

आमचं घर धुळ्यात, पांझरेच्या पुलाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर. पुढं रस्त्याकडं खिडकी, मागं छोटी गच्ची, मधे बोळीसारखं लांबट घर. पेटी टांगली पुढच्या खिडकीत, माझ्या खुर्चीच्या डोक्यावर. खिडकीखाली निंबाचं झाड आणि झाडाखाली रिक्षा स्टँड. देवपूरच्या शेअर रिक्षा इथूनच सुटतात. सकाळी शाळा-कॉलेजची पोरं, मग ऑफिसवाले, मग दवाखान्याचे पेशंट. यातली सगळ्यात जुनी रिक्षा सरदारभाईची. तो झाडाखाली थांबायला लागला म्हणून दुसरे थांबायला लागले, म्हणून तिथं स्टँड झाला.

सरदारभाई आणि आबा यांचं नातं काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. एकमेकांना शिव्या देत चहा पिणारी दोन माणसं. रिक्षा बिघडली की तो खालून हाक मारायचा, "देवचंदभाऊ, तुमची लाडकी रुसली." की आबा पाना घेऊन खाली. संघमित्रा त्याच रिक्षातून शाळेत गेली. आणि मागच्या वर्षी भर दुपारी माझा श्वास अडकला, तेव्हा आबा नुसते मोबाइल हातात धरून उभे राहिले, कुणाला फोन लावायचा तेच त्यांना सुचेना. सरदारभाईनं भरलेली रिक्षा रिकामी केली, मला आधार देऊन बसवलं आणि दवाखाना येईपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. डॉक्टर म्हणाले, धूळ आणि धूर, दोन्हीपासून लांब राहायचं. मी म्हटलं, जन्मभर नगरपालिकेच्या शाळेत खडूची धूळ खाल्ली, आता कुठं लांब जाऊ? डॉक्टर हसले. आबा हसले नाहीत. त्या दिवसापासून माझा श्वास ही त्यांची नोकरी झाली.

तर पेटी आली. आबा सकाळी उठले की आधी दिवा बघणार, मग माझ्याकडं बघणार.

"भागा, हे बघ. शाळा भरायच्या वेळेला लाल. दुपारी पिवळा. संध्याकाळी परत लाल. बाजाराच्या दिवशी तर दिवसभर लालच लाल."

"गर्दी असते, अहो. गाड्या असतात. त्याला पेटी कशाला पाहिजे, खिडकीतून दिसतं."

"दिसणं वेगळं आणि पुरावा वेगळा."

हा शब्द त्यांनी कुठून आणला कोण जाणे. शुक्रवारी दुपारी मात्र दिवा हिरव्याकडं झुकायचा आणि ते आबांना उलगडेना. मी भाजी निवडत होते, सहज बोलून गेले, "नमाजाला जातात ना सगळे. अर्धा स्टँड रिकामा असतो." आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे स्टँडच," ते म्हणाले. झालं. माझ्याच तोंडून पुरावा निघाला.

आठवड्याभरात अर्ज तयार. स्टँड इथून हलवावा, वरच्या मजल्यावर दम्याचा पेशंट राहतो, सोबत आकडे जोडले आहेत. गल्लीतल्या लोकांच्या सह्या घेतल्या. इंदिराबाईंनी केली, समोरच्या शालिग्राम टेलरनं केली. लोकांना काय, आबा कुकर दुरुस्त करून देतात, शिलाई मशीनला तेल घालून देतात, सही द्यायला कोण नाही म्हणणार? मी तेवढी नाही म्हटलं.

"अहो, त्या माणसानं मला दवाखान्यात नेलं."

"म्हणून मी त्याच्यावर राग धरलेला नाही."

"राग नाही आणि पोटावर पाय?"

आबांनी सह्यांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "तुझा श्वास एकीकडं आणि त्याची रिक्षा एकीकडं, यात मी काय निवडू, तूच सांग." मी आत जाऊन चहा टाकला.

अर्ज गेल्याचं सरदारभाईला कळलंच. गल्लीत काही लपत नाही. तो भांडायला येईल असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगते, आला असता तर बरं झालं असतं. तो आला नाही. खालून हाक बंद झाली. चहा बंद झाला. आबा खाली उतरले की तो रिक्षाची काच पुसत बसायचा. आबाही असे, की त्याच्या पाठीकडं बघून घसा खाकरायचे आणि तसेच पुढं जायचे. दोन म्हातारे, रुसलेली शाळकरी पोरं परवडली.

पण एक गोष्ट मी खिडकीतून बघितली. रिक्षांची रांग पुढं सरकते ना, पहिली सुटली की मागचे सगळे इंजिन चालू करून चार पावलं पुढं घेतात, परत बंद करतात. काही तर बंदच करत नाहीत, तसेच घुरघुरत ठेवतात. सरदारभाई आता इंजिन चालू करत नव्हता. खाली उतरून, एका हातानं हँडल धरून, खांदा लावून रिक्षा ढकलत पुढं घ्यायचा. सत्तरीला आलेला माणूस. एकदा ढकलता ढकलता त्यानं वर बघितलं, माझी नजर पडली तसा तो कपाळावरचा घाम पुसायला लागला. मग हळूहळू मागची पोरंही इंजिनं बंद ठेवायला लागली, म्हाताऱ्याची लाज वाटून असेल.

त्याची बायको नूरबी तेवढी येत राहिली. बायकांचं बोलणं बंद करायला नवऱ्यांचं भांडण पुरत नाही. मला काढ्यासाठी अडुळशाची पानं आणून द्यायची. एके दिवशी पानं ठेवली आणि उंबऱ्याजवळच टेकली.

"अक्का, त्यांनी मला सांगितलंय की या गोष्टीवर बोलायचं नाही. पण कुठं जायचं तेवढं सांगा. पुलापलीकडचे रिक्षावाले रांगेत घेत नाहीत. हायवेला उभं राहायचं तर तिथं पोरं आहेत, तिथं यांचं काय चालणार? या वयात नवीन जागी शेवटचा नंबर लावायचा?"

मी "होईल काहीतरी," म्हटलं. असं आपण म्हणतो तेव्हा काहीच होणार नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. सोमवारी वाहतूक खात्याचे साहेब पाहणीला येणार, असा निरोप त्याच दिवशी आबांना आला होता.

आता भरताचं सांगते, कारण सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबलं.

माझे मिस्टर जन्मात स्वयंपाकघरात आले नाहीत. पाण्याचा माठ कुठं आहे तेवढं त्यांना माहीत होतं. मी दवाखान्यातून घरी आले त्या हिवाळ्यात, एका रविवारी, मला म्हणाले, "भागा, तुझ्या तोंडाला चव नाही. भरीत खाशील का? सांग मला, मी करतो." मी अंथरुणातून सांगत गेले आणि ते करत गेले. वांगी पहूरहून आली, त्यांच्या भावाकडून, लोटनभाऊंकडून. चांगली हातभर, हिरवीगार, आपल्याकडची भरताची. सोबत शेतातल्या कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा. मागच्या गच्चीवर काड्या पेटवल्या, वांगी टाकली, साली काळ्या होऊन सुटल्या. मग लाकडी बडगीत घालून ठेचली. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल. पहिला घास त्यांनी स्वतःच्या हातानं मला भरवला. लग्नात सुद्धा या माणसानं मला घास भरवला नव्हता, लाजले होते. मीठ जरा जास्त होतं. मी म्हटलं, असं भरीत मी आयुष्यात खाल्लं नाही.

तेव्हापासून हिवाळ्यातला दर रविवार भरताचा. सकाळी आम्ही विहारात वंदनेला जायचो, आल्यावर आबा गच्चीवर. एकट्यासाठी भरीत करायची आपल्याकडं पद्धतच नाही. इंदिराबाई, शालिग्राम, त्यांची पोरंबाळं, आणि सगळ्यात आधी सरदारभाई आणि नूरबी. अर्जानंतर ती दोघं तेवढी गळाली. बाकी पंगत तशीच. आबा बनियनवर उभे, डोळे लाल, तोंडावर राख, आणि हसतायत. रिटायर झाल्यापासून मी त्यांना असं हसताना फक्त त्या काड्यांपुढं बघितलं.

रविवारी कॉलेजं बंद, ऑफिसं बंद, स्टँड रिकामा. दिवा सकाळपासून हिरवा असायचा. आणि दुपारी जेवणाच्या वेळेला जांभळा व्हायचा.

पहिल्यांदा मला वाटलं, पेटी बिघडली. दुसऱ्या रविवारी मी खुर्चीत बसून बघत होते. मागच्या गच्चीचं दार उघडं, पुढची खिडकी उघडी. थंडीत धूर वर जात नाही, बसून राहतो. तो मागच्या दारातून आत आला, कॉटवरून, देव्हाऱ्याच्या जागी आमच्याकडं बुद्धाची तसबीर आहे तिच्यासमोरून, माझ्या डोक्यावरून खिडकीकडं गेला. दिवा पिवळा झाला, लाल झाला, जांभळा झाला. मला खोकला लागला. गच्चीवरून आबांचा आवाज आला, "भागा, काय झालं? खिडकी लाव, खालचा धूर येत असेल."

खाली कुत्रंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी संघमित्राचा फोन. "आबा, रविवारी गाड्या कमी, मग एवढं कसं काय वाढतं? घरात काही जाळता का?"

"छे," आबा म्हणाले. "बठ्ठं, सगळं गॅसवर होतं."

आणि ते खोटं बोलत नव्हते. हे कुणा बाहेरच्याला पटायचं नाही, पण आपल्या माणसाच्या डोक्यात भरताचा धूर हा धूरच नसतो. रिक्षाचा तो धूर, टायरचा तो धूर, कचऱ्याचा तो धूर. भरताचा असतो तो वास.

मी का बोलले नाही? सांगायचं रोज ठरवायचे. सोमवारी वाटायचं आज सांगू, मंगळवारी वाटायचं उद्या. पण त्या माणसाला काय सांगायचं होतं, बघा ना. की तुम्ही माझ्या श्वासासाठी जिवलग मित्र तोडला, आणि दर रविवारी मला कोंडतं ते तुमच्याच हातानं, मला घास भरवायच्या हौसेपायी. हे ऐकून आबांनी पुन्हा काडी पेटवली नसती, हे मला ठाऊक होतं. ते पुन्हा तसे हसले नसते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा खोकलेलं काय वाईट, असं मी मनाशी म्हणायचे. मला त्यांची माया कळत होती आणि धूरही कळत होता. दोन्ही एकाच दारातून यायचे.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. शनिवारी पहूरहून वांग्यांचं पोतं आलं. सोमवारी साहेब येणार म्हणून आबांनी सह्या करणाऱ्या सगळ्यांना रविवारी भरताला बोलावलं होतं. पोतं उतरवून घेतलं आणि ते माझ्यासमोर मोबाइल घेऊन बसले.

"भागा, मला सापडलं."

"काय सापडलं?"

"बघ. अर्ज दिल्यापासून सोम ते शनि हवा सुधारली. लाल होता तिथं पिवळा. म्हणजे तो घाबरला. आणि रविवार तेवढा जांभळा. बठ्ठा राग तो रविवारी काढतो. आपण वरती पाहुण्यांत असतो, स्टँडवर कोणी नसतं, तेव्हा तो खाली येऊन टायर जाळतो."

मी बघतच राहिले. "टायर?"

"नाहीतर रिकाम्या रस्त्यावर धूर येतो कुठून? सोमवारी साहेबाला हेही सांगणार आहे. नुसती जागा नाही, लायसनसुद्धा जाईल."

सुधारली ती हवा ज्यानं रिक्षा खांद्यानं ढकलून सुधारली, तो माणूस टायर जाळतो म्हणे. मला असा राग आला की खोकलाच आला. आबा पाणी घेऊन धावले, पाठीवरून हात फिरवत बसले. "बघ, बघ, तुझी काय दशा केली त्यानं," म्हणत राहिले. मी पाणी पिऊन घेतलं. पण आतून एक ठरवलं. हे तोंडानं सांगितलं तर ते म्हणतील, तू सरदारची बाजू घेते. त्यांना पुरावा पाहिजे ना, पुरावाच देऊ.

रविवारी वंदनेहून आलो. आबांनी गच्चीवर काड्या रचल्या. वांग्यांना तेलाचा हात लावला, टोचे मारले. पाहुणे यायला अवकाश होता. काड्या पेटल्या, कडकड आवाज आला, वांग्यांची पहिली फळी ज्वाळेत गेली. मी खुर्चीवर चढून खिडकीतली पेटी काढली. दिवा हिरवा होता. नाकाला पदर लावला, पेटी दुसऱ्या हातात धरली, मधल्या घरातून चालत गच्चीच्या दारात गेले.

"तू कशाला आली? जा, आत जा, तुला वास सोसत नाही," आबा म्हणाले.

"तुमची पेटी धरा."

"आत्ता? माझे हात भरलेत."

मी पेटी त्यांच्या शेजारच्या कठड्यावर ठेवली आणि दारात येऊन उभी राहिले. बोलले काहीच नाही. शाळेत एखाद्या पोराचं गणित चुकलं की मी उत्तर सांगत नसे, नुसती शेजारी उभी राहत असे.

आबा वांगी उलटी करत होते. आधी त्यांचं लक्षच नव्हतं. मग दिवा पिवळा झालेला त्यांना दिसला. त्यांनी खाली रस्त्याकडं मान वळवली, पण गच्चीवरून रस्ता दिसत नाही. दिवा लाल झाला. चिमट्यातलं वांगं त्यांच्या हातात तसंच राहिलं. काड्यांचा धूर माझ्याकडं वळला, मी खोकले, आणि दिवा जांभळा झाला.

आबांनी दिव्याकडं बघितलं. काड्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं. इतका वेळ मी त्यांच्यावर चिडलेली होते. ते तोंड बघितलं आणि राग कुठल्या कुठं गेला.

त्यांनी पाण्याची बादली उचलली आणि सगळी काड्यांवर ओतली. फस्स झालं. अर्धी भाजलेली वांगी राखेच्या पाण्यात तरंगायला लागली. मला हाताला धरून आत आणलं, गच्चीचं दार लावलं, कॉटवर बसवलं, आणि स्वतः खाली फरशीवर बसले, माझ्या पायाशी.

"दर रविवारी?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाही?"

"तुम्ही हसायचे म्हणून."

आबांनी तोंडावरून हात फिरवला, राख आणखी पसरली. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. ज्याच्याशी माझं लग्न झालं तो माणूस माझ्यापुढं असा कधी बसला नव्हता. मी त्यांच्या केसांतली राख झटकत राहिले. थोड्या वेळानं ते तिथूनच म्हणाले, "आणि मी त्याला टायरवाला केला."

"अजून नाही केला. सोमवार उद्या आहे."

ते उठले. बादलीत ती अर्धी कच्ची वांगी गोळा केली, उरलेली कोरडी पोत्यात भरली, पोतं पाठीवर टाकलं, तसेच बनियनवर खाली उतरले. मी खिडकीत आले. सरदारभाई रविवारी स्टँडवर नसतो, घरी असतो, निंबापलीकडच्या गल्लीत. आबांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली. इतक्या दिवसांत पहिली.

"सरदार."

सरदारभाई बाहेर आला. लुंगीवर, हातात रिक्षा पुसायचं फडकं. काळं तोंड, पाठीवर पोतं, असा आबांचा अवतार बघून तो दचकला.

"काय झालं, देवचंदभाऊ? अक्का बऱ्या आहेत ना?"

पहिला प्रश्न त्यानं हा विचारला. आबांनी पोतं खाली ठेवलं, परत उचललं.

"धूर माझा होता," ते म्हणाले. "भरताचा. तुझा नव्हता. थोडा तुझा आहे, पण जास्त माझा."

सरदारभाई फडकं झटकत उभा राहिला. मला वाटलं, आता हा मनातलं सगळं बाहेर काढेल, आणि काढावंच. तो पोत्यात डोकावला.

"पाहुणे किती बोलावलेत?"

"बठ्ठी गल्ली."

"आणि वांगी कच्ची." त्यानं दोन वांगी हातात घेऊन बघितली. "एवढं वय झालं, भरीत करायचं कळलं नाही, पण अर्ज करायचा बरोबर कळला तुम्हाला."

"म्हण, म्हण. शिव्या दे अजून."

"देणार आहे. रस्त्यात देतो. बसा."

पोतं रिक्षात गेलं, काड्यांचा उरलेला भारा टपावर बांधला गेला, नूरबी बडगी मांडीवर घेऊन मागं बसली. देवपूरच्या पुढं सरदारभाईच्या भाच्याचं शेत आहे, मोकळं, जवळ वस्ती नाही. इंदिराबाई आणि शालिग्रामला तिकडंच पाठवलं. रिक्षा निघताना सरदारभाईनं वर बघितलं. "अक्का, तुमचा डबा येईल," म्हणाला. आणि स्टँडच्या टोकापर्यंत दोघांनी रिक्षा ढकलत नेली, एकानं हँडल धरून आणि एकानं मागून, इंजिन तिथून पुढं सुरू केलं.

मी एकटीच राहिले. पेटी परत खिडकीत टांगली. दुपारभर दिवा हिरवा होता. रस्ता रिकामा, घर रिकामं, श्वास मोकळा, आणि मला अजिबात करमेना. संघमित्राचा फोन आला, "आई, आज रविवार असून हिरवा? काय केलंत?" मी म्हटलं, "तुझ्या बापाला विचार." भूकही लागली होती.

ऊन कलल्यावर रिक्षा आली. जिन्यात पावलं वाजली आणि दार उघडलं. दारात खाकी शर्ट. क्षणभर मला वाटलं, सरदारभाईच आला. मग बघते तर आबा. केस ओले, भांग पाडलेला, तोंड घासून घासून लाल केलेलं. अंगात सरदारभाईचा रिक्षाचा शर्ट, बिल्ल्यासकट. सरदारभाई काटकुळा आणि आबा असे, त्यामुळं पोटावरची बटणं आता तुटतात की मग, अशी ताणलेली. हातात डबा.

"हे काय सोंग?" मी म्हटलं.

"माझ्या कपड्यांना धुराचा वास होता. सरदारकडं आंघोळ केली. साबण दोनदा लावला." ते उंबऱ्याबाहेरच उभे. "अर्ज परत घेतोय. उद्या साहेबाला चहा पाजू. इंजिन बंद ठेवायचा बोर्ड लावून द्या म्हणू, तेवढंच. सरदार म्हणाला, बोर्ड तो स्वतः रंगवणार."

"आत तरी या."

"थांब. आधी दिवा बघ."

मी मान वर करून बघितलं. "हिरवा."

"नीट बघ, भागा. मी एक पाऊल आत टाकतो, मग परत बघ."

त्यांनी एक पाऊल आत टाकलं आणि श्वास धरून उभे राहिले, बिल्ला छातीवर, डबा पोटाशी. मी दिव्याकडं बघत होते, पण मला तो नीट दिसेना, डोळे भरून आले होते.

"हिरवाच आहे हो," मी म्हटलं. "या."

तेव्हा कुठं आबांनी चपला काढल्या.